कोट्यधीश सालगडी

दोस्तांनो, ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना 'सालगडी' हा शब्द वेगळा समजावून सांगायला नको. बाकीच्यांनी आजोबांना विचारावं. गुढीपाडव्याला बोली ठरते, सालभराचा मोबदला ठरतो आणि पुढच्या पाडव्याला हिशेब होतो. मालकाला गडी पटला आणि गड्याला मालक पटला तर आणखी एक साल. नाहीतर राम राम!

आज ज्या गड्याची गोष्ट सांगणार आहे, तोसुद्धा असाच सालाच्या बोलीवर राहायचा. त्याचंही साल मार्चमध्येच पालटायचं. फक्त शेताऐवजी मैदान होतं, आणि मोबदला लाखो डॉलरांत होता. (हा फरक लहान नाही, हे मलाही कळतं! आपल्या सालगड्याला एवढे पैसे सात जन्मांत दिसायचे नाहीत.)

त्याचं नाव एन्डामुकन सू. उंची सहा फूट चार इंच, वजन सुमारे १४२ किलो. वडील आफ्रिकेतल्या कॅमेरूनचे, आई जमैकाची, ती शाळेत शिक्षिका. हा जन्मला १९८७ मध्ये, अमेरिकेतल्या पोर्टलंड गावी. वडिलांच्या भाषेत 'एन्डामुकन सू' म्हणजे 'भाल्यांचं घर'. आता सांगा, असं नाव असलेल्या माणसाला समोर उभं राहून कोण अडवणार?

पण सूचं कामच अडवण्याचं होतं. तो खेळायचा अमेरिकन फुटबॉल, आणि तोही बचावाच्या पहिल्या फळीत, अगदी मधोमध.

हा खेळ आपल्याकडे फारसा कुणी पाहत नाही, म्हणून दोन मिनिटांत सांगतो. फुटबॉल नाव असलं तरी पायाचं काम कमी, हाताचं जास्त. दोन्ही बाजूंना अकरा अकरा गडी. चेंडू ज्यांच्याकडे, त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकायचं असतं. जमलं तर पुन्हा चार प्रयत्न, नाही जमलं तर चेंडू गेला. पुढं जायचे मार्ग दोन. एक, चेंडू पोटाशी धरून धावत सुटायचं. दुसरा, क्वार्टरबॅक नावाच्या मुख्य खेळाडूनं तो लांब फेकायचा आणि आपल्या माणसानं झेलायचा. फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला गाठून लोळवलं तर त्याला 'सॅक' म्हणतात. मैदान डोक्यावर घेतात लोक सॅक झाली की!

सूसारखा मधला बचावपटू काय करतो? चेंडू हलला रे हलला, की समोरच्या दीडशे किलोंच्या भिंतीला धडकतो. नुसता धडकतो असं नाही, तर समोरच्या दोघांना स्वतःवर गुंतवून ठेवतो. कबड्डीत एक दांडगा चढाईवाला आत शिरला की तीन-चार जण त्याच्यावरच तुटून पडतात ना, तसं. हा दोघांना अडकवतो, म्हणून याच्या शेजारचा किंवा मागचा गडी मोकळा सुटतो. तो जातो आणि सॅक करतो. नाव त्याचं, टाळ्या त्याला. आकडेवारीच्या वहीत आपल्या सूसमोर काय? शून्य.

हे नीट लक्षात ठेवा, कारण सगळी गोम इथंच आहे. ज्याचं काम वहीत दिसत नाही, त्याची किंमत ठरवायची कशी? त्यातून तो तिशी ओलांडलेला. या खेळात रोज रेल्वेच्या डब्याला धडक दिल्यासारखं शरीर झिजतं. मग त्याला किती वर्षांसाठी, किती पैशांवर ठेवायचं? अमेरिकेतले भलेभले व्यवस्थापक दर मार्चमध्ये या गणितापाशी डोकं खाजवत बसतात. आपणही बसू या.

आधी पैशांची थैली समजून घेऊ. आयपीएलच्या लिलावात प्रत्येक संघाला ठरावीक रक्कमच खर्च करता येते, हे तुम्हाला ठाऊक आहे. अमेरिकेच्या एनएफएल या स्पर्धेतही संघाच्या एकूण पगाराला दरवर्षी कमाल मर्यादा असते. २०१८ मध्ये ती होती १७ कोटी ७२ लाख डॉलर. तेवढ्यात ५३ खेळाडूंचा संघ चालवायचा. करा भागाकार. सरासरी येते ३३ लाखांच्या थोडी वर. म्हणजे एकाला एक कोटी दिले, तर कुठंतरी तिघांच्या ताटातलं काढावं लागणार.

आता सूची गोष्ट सुरुवातीपासून. २०१० मध्ये विद्यापीठातल्या खेळाडूंची निवड झाली, तेव्हा तो देशभरातून दुसरा निवडला गेला. डेट्रॉइट लायन्स या संघानं त्याला घेतलं आणि पठ्ठ्यानं पहिल्याच मोसमात दहा सॅक केल्या! मधल्या बचावपटूला दहा म्हणजे खूपच. त्याच्या पाठोपाठ, तिसरा, निवडला गेला जेराल्ड मॅकॉय. तोही मधला बचावपटूच, आणि तो गेला टँपा बेच्या संघात. हे नाव मनात ठेवा, पुढं लागणार आहे.

पाच वर्षांनी, २०१५ मध्ये, मायामी डॉल्फिन्सनं सूशी करार केला. सहा वर्षं, ११ कोटी ४० लाख डॉलर! वर्तमानपत्रांनी तो आकडा मोठ्या टाइपात छापला. पण या खेळातल्या करारांची एक खोड आहे, बरं का. वर छापलेला आकडा आणि खरोखर हातात पडणारा आकडा वेगवेगळे असतात. ११ कोटी ४० लाखांपैकी हमी होती जवळपास ६ कोटींची. बाकीचे पैसे 'तू संघात राहिलास तर' या अटीवर. मालकानं मध्येच 'जा' म्हटलं, की उरलेली वर्षं गेली.

झालंही तसंच. तीन मोसमांत मायामीनं बाद फेरीचा एकही सामना जिंकला नाही. मार्च २०१८ मध्ये संघानं सूला निरोप दिला. सहा वर्षांचा करार तीन वर्षांत आटोपला. आणि गंमत पाहा. करारावर सही करताना जी मोठी रक्कम दिली होती, ती हिशेबाच्या वहीत पाच वर्षांवर वाटून लिहिलेली. गडी गेला, पण त्याच्या नावावर दोन कोटी डॉलरांहून जास्त रक्कम मायामीच्या वहीत शिल्लक राहिली. ती त्यांच्या थैलीतून पुढंही वजा होत राहिली. घरात फ्रीज नाही, पण हप्ते चालू! आईबाबांना विचारा, असे हप्ते किती टोचतात ते.

इथून पुढं सूनं वेगळी वाट धरली. वय ३१. या वयात बहुतेक खेळाडू म्हणतात, दोन-तीन वर्षांचा करार द्या, म्हणजे पाठीशी आधार राहील. सूनं मात्र २०१८ पासून एकेका वर्षाचेच करार केले. एकदा नाही, पाच वेळा! त्यात धोका कुणाचा? आधी त्याचाच. वर्षाच्या मधे गुडघा गेला, तर पुढच्या मार्चमध्ये दार कोण उघडणार? पण त्याच्या हातात एक हुकमी पान होतं. दरवर्षी कुठं खेळायचं हे तो ठरवू शकत होता. आणि तो ठरवायचा जिंकण्याजोगा संघ.

शिवाय त्याला आपल्या शरीराची खात्री होती. ही खात्री पोकळ नव्हती. २०१० ते २०२१ या बारा मोसमांत त्याच्या संघांनी साखळीतले १९३ सामने खेळले. त्यातले १९१ तो खेळला. दीडशे किलोंच्या माणसांशी दर आठवड्याला टक्कर आणि गैरहजेरी फक्त दोन! शाळेत शंभर टक्के हजेरीचं बक्षीस मिळवणाऱ्यांनीसुद्धा त्याला हात जोडावेत.

पण थांबा. ते दोन सामने का चुकले? दुखापतीनं नाही. २०११ मध्ये थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या दिवशी, साऱ्या देशाच्या डोळ्यांदेखत, त्यानं ग्रीन बे संघाच्या जमिनीवर असलेल्या खेळाडूवर लाथ हाणली. दोन सामन्यांची बंदी आली. पुढंही धसमुसळ्या खेळाबद्दल त्याला मोठमोठे दंड झाले. चूक ती चूकच. समोरचा खाली पडलेला असताना पाय उचलायचा नसतो. हे तुम्हाला गल्लीतल्या खेळातही माहीत आहे. हे इथं लिहितो ते केवळ उपदेश म्हणून नाही. सूला घेणाऱ्या प्रत्येक संघाला हाही हिशेब करावा लागे. ऐन वेळी याचं डोकं फिरलं आणि शिक्षा म्हणून पंधरा यार्ड समोरच्यांना फुकट मिळाले तर? माणूस विकत घेताना त्याचा स्वभावही पदरात पडतो.

पहिलं साल लॉस एंजेलिस रॅम्सकडे, २०१८. बोली १ कोटी ४० लाख डॉलर. थैलीच्या जवळजवळ आठ टक्के, एका माणसाला! रॅम्सना हे परवडलं, कारण त्यांचा क्वार्टरबॅक जॅरेड गॉफ अजून नवखेपणीच्या स्वस्त करारावर होता. अशी स्वस्ताई दोन-चार वर्षंच टिकते, म्हणून त्यांना घाई होती. सूच्या शेजारी उभा होता ॲरन डोनल्ड, त्या काळातला बहुधा सर्वोत्तम बचावपटू. दोघं मिळून समोरच्यांचा चुराडा करणार, अशी सगळ्यांची अपेक्षा.

काय झालं? डोनल्डनं केल्या २०.५ सॅक. सूनं ४.५. (अर्धी सॅक म्हणजे दोघांनी मिळून एक लोळवला.) डोनल्डच्या आकड्यात सूचा वाटा किती? नेमका सांगता येणार नाही, पण शेजारी सू असताना डोनल्डवर तिघे पाठवणं कुणालाही सोपं नव्हतं. ही झाली जमेची बाजू. खर्चाची बाजू अशी, की धावत येणाऱ्यांना रोखण्यात रॅम्स त्या मोसमात सर्वांत वाईट ठरले. प्रत्येक धावेला सरासरी ५.१ यार्ड दिले त्यांनी! आणि मधल्या बचावपटूचं पहिलं काम तेच, धाव अडवणं. मग १ कोटी ४० लाख कशाचे?

तेवढ्यात बाद फेरी आली आणि चित्र पालटलं. जानेवारी २०१९ मध्ये डॅलसविरुद्ध रॅम्सनी इझिकिएल एलियट या तगड्या धावपटूला वीस प्रयत्नांत फक्त ४७ यार्ड दिले. सगळ्या डॅलस संघाला धावून मिळाले ५० यार्ड. रॅम्स पुढं अंतिम सामन्यात, म्हणजे सुपर बोलमध्ये पोचले. तिथं बचावानं न्यू इंग्लंडला अवघ्या १३ गुणांवर रोखलं. पण रॅम्सचे फलंदाज... चुकलो, 'आक्रमक' म्हणायला हवं, क्रिकेटची सवय जात नाही... आक्रमकांनी केले फक्त ३ गुण. हरले.

माझ्या मते हा करार महाग पडला. चूक म्हणणार नाही. मोसमभर पैशाच्या मानानं काम कमी, पण ज्या तीन सामन्यांसाठी त्याला आणला होता त्या तीन सामन्यांत बचाव उभा राहिला. एका वर्षाच्या कराराचा मोठा फायदा इथंच दिसतो. महाग पडला तरी पुढच्या मार्चमध्ये वहीचं पान कोरं. मायामीसारखे हप्ते नाहीत.

आता मॅकॉय आठवा. टँपा बे बक्कनियर्समध्ये तो नऊ मोसम खेळला. ९३ नंबरचा शर्ट घालायचा, लोकांचा लाडका. २०१९ मध्ये त्याला द्यायचे होते १ कोटी ३० लाख डॉलर. संघाला ते जड झाले. मे महिन्यात त्यांनी मॅकॉयला मोकळं केलं आणि लगेच सूला घेतलं, एका वर्षासाठी, ९२ लाख ५० हजारांवर. वरून सूला शर्ट दिला तोच, ९३ नंबरचा! मॅकॉयला ते झोंबलं आणि त्यानं ते लपवलंही नाही. झोंबणारच हो. नऊ वर्षं ज्या बाकावर बसलो तो बाक दुसऱ्याला दिला की आपल्यालाही वाटतं. नियमात काही चूक नव्हती, पण थोडे दिवस तो शर्ट कपाटात राहिला असता तर काय बिघडलं असतं?

मॅकॉय गेला कॅरोलायना पँथर्सकडे, तोही एका वर्षाच्याच करारावर. एकाच वर्षी निवडले गेलेले दोन गडी, दोघांचंही काम तेच, दोघं सालाच्या बोलीवर. तुलना करायला यापेक्षा छान उदाहरण मिळायचं नाही. मोसम संपला तेव्हा मॅकॉयच्या सॅक ५, सूच्या २.५. सोपं उत्तर, नाही का? टँपा फसला!

पण आता दुसरी वही उघडू. धाव अडवण्यात टँपाचा संघ त्या मोसमात सगळ्या स्पर्धेत पहिला आला. सामन्याला सरासरी ७४ यार्डसुद्धा दिले नाहीत त्यांनी. आणि कॅरोलायना? प्रत्येक धावेला ५.२ यार्ड, सगळ्यांत वाईट. धावून झालेले तब्बल ३१ टचडाउन त्यांच्यावर झाले! शिवाय टँपाच्या बाहेरच्या बाजूला उभा राहणाऱ्या शॅक बॅरेटनं १९.५ सॅक करून स्पर्धेत पहिला नंबर काढला. मधले धिप्पाड गडी दोघादोघांना अडकवून ठेवत होते, म्हणून त्याला रस्ता मिळाला.

हुशार वाचक इथं हात वर करेल. 'पण हे सगळं एकट्या सूमुळे झालं कशावरून?' शाब्बास! एकट्यामुळे नव्हतंच. टँपात त्याच वर्षी टॉड बोल्स हा बचावाचा नवा प्रशिक्षक आला होता. सूच्या शेजारी व्हीटा व्हीया नावाचा दीडशे किलोंहून जड तरुण पहाड होता. आणि कॅरोलायनाची पडझडही एकट्या मॅकॉयच्या माथी मारणं अन्यायाचं होईल. म्हणून मी एवढंच म्हणेन, की ४० टक्के श्रेय दे, ६० टक्के दे, असली वाटणी कुणालाच करता येत नाही. मात्र सॅक मोजून 'मॅकॉय दुप्पट चांगला' म्हणणारा माणूस नक्की चुकतो. आणि टँपानं ३७ लाख ५० हजार वाचवून काम करून घेतलं, एवढं पक्कं.

या बॅरेटचंही ऐका. तोसुद्धा त्या वर्षी एका वर्षाच्याच करारावर आला होता, मूळ बोली ४० लाखांची. पण त्याचं वय २६. तरुणाचा एका वर्षाचा करार ही परीक्षा असते. पास झालास तर मोठं बक्षीस. बॅरेटला ते मिळालं, २०२१ मध्ये चार वर्षांचा घसघशीत करार झाला त्याचा. बत्तिशीतल्या गड्याला तसं काही मिळत नाही. कितीही चांगला खेळला तरी पुढच्या मार्चमध्ये त्याचं वय एका वर्षानं वाढलेलंच असतं.

२९ सप्टेंबर २०१९ चा एक क्षण सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. टँपा खेळत होता लॉस एंजेलिसमध्ये, सूच्या जुन्या मालकांविरुद्ध. सामना शेवटच्या मिनिटांत, रॅम्स बरोबरी करायच्या खटपटीत. बॅरेटनं गॉफच्या हातून चेंडू उडवला, तो घरंगळला, आणि उचलला कुणी? सूनं! एकशे बेचाळीस किलोंचा माणूस चेंडू छातीशी धरून ३७ यार्ड धावत गेला आणि टचडाउन केला. सामना ५५-४० असा संपला. सालाच्या बोलीवरचे दोन गडी, आणि जुन्या मालकाच्या अंगणात धिंगाणा!

२०२० ला टँपानंच पुन्हा ठेवलं, ८० लाखांवर. थैली होती १९ कोटी ८२ लाखांची. साधारण चार टक्के झाले. २०१८ च्या निम्मे. त्याच वर्षी टॉम ब्रेडी टँपात आला, आणि संघ एकदम विजेतेपदाच्या दावेदारांत गेला. पाचव्या सामन्यात व्हीयाच्या पायाचं हाड मोडलं. मधला पहाड ढासळला. आता ३३ वर्षांच्या सूवर भार. तरीही मोसम संपला तेव्हा धाव अडवण्यात टँपा पुन्हा पहिला. सूच्या सॅक ६, आणि गैरहजेरी अर्थातच शून्य. राखीव गडी कोण, तो कसा खेळेल, ही चिंता संघाला सूच्या जागेपुरती तरी करावीच लागली नाही. हजेरीला पैशांत मोजता येत नाही म्हणतात. इथं मोजता येते.

७ फेब्रुवारी २०२१ ला सुपर बोल झाला, तोही टँपाच्याच मैदानावर. समोर कॅन्सस सिटी आणि त्यांचा जादूगार क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स. टँपा जिंकला ३१-९. महोम्सला तीनदा लोळवलं, त्या तीनपैकी दीड सॅक सूच्या. खरं सांगायचं तर कॅन्सस सिटीच्या संरक्षक फळीतले दोन्ही टोकांचे भरवशाचे खेळाडू जखमी होते, त्यामुळे टँपाचं काम सोपं झालं. पण सोपं काम चोख करणं हेही कामच. पाचही करारांतला हा मला सर्वांत चांगला वाटतो, आणि गंमत म्हणजे टँपानं सूला दिलेल्या तीन बोलींत सर्वांत स्वस्तही हाच.

पुढच्या वर्षी ९० लाख. पण त्या वर्षी एक पेच होता. कोरोनामुळे मैदानं ओस पडली, उत्पन्न घटलं, आणि थैली १९ कोटी ८२ लाखांवरून १८ कोटी २५ लाखांवर आली. विजेता संघ तर जसाच्या तसा टिकवायचा होता. मग काढली एक युक्ती. करार एका वर्षाचा, पण कागदावर पुढची काही खोटी वर्षं जोडायची. त्या वर्षांत खेळाडू खेळणार नाही हे दोघांनाही ठाऊक. फक्त आजचा खर्च त्या वर्षांवर वाटून लिहायचा. सूच्या करारालाही अशी शेपटी होती. उधारीच ती! पण युक्तीनं काम झालं. सगळेच्या सगळे २२ मुख्य खेळाडू टँपाकडे राहिले. सूनं पुन्हा ६ सॅक केल्या. मात्र जानेवारी २०२२ मध्ये टँपा बाद फेरीत हरला ३०-२७ असा, आणि हरवलं कुणी? रॅम्सनी.

२०२२ च्या उन्हाळ्यात टँपानं सूला बोलावलंच नाही. त्याच्या जागी अकीम हिक्स आला, तोही एका वर्षासाठी. वय ३२, सूपेक्षा तरुण. कागदावर बरोबरच वाटत होतं. पण दुसऱ्याच सामन्यात हिक्सच्या तळपायाला दुखापत झाली आणि तो कित्येक आठवडे बाहेर बसला. दोष हिक्सचा नाही. पण वय पाहून माणूस निवडताना १९१ सामन्यांची हजेरीही पाहावी, असं मला वाटतं.

सू तेव्हा घरी होता. पस्तिशी उलटायला आलेली. सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला. फिलाडेल्फिया ईगल्स हा संघ तिकडे धडाधड जिंकत होता, आठपैकी आठ! पण त्यांचा नवखा मधला बचावपटू जॉर्डन डेव्हिस जखमी झाला आणि भिंतीला भगदाड पडलं. १४ नोव्हेंबरला वॉशिंग्टननं ते बरोबर हेरलं. त्यांनी ४९ वेळा धाव घेतली, १५२ यार्ड काढले आणि ईगल्सना पहिला पराभव दिला. दुसऱ्याच दिवसापासून ईगल्सचे फोन सुरू झाले असावेत, कारण त्याच आठवड्यात दोन बुजुर्ग त्यांनी घेतले. १६ तारखेला लिनव्हल जोसेफ आणि १७ ला सू. हा करार वर्षाचासुद्धा नव्हता. उरलेल्या मोसमापुरता. सालगडी म्हणू नये, सुगीचा गडी म्हणावं!

कामही तेवढंच. सगळा वेळ खेळायचं नाही. ताज्या दमाच्या तरुणांना मधूनमधून विसावा द्यायचा, आणि धाव येणार असं दिसलं की मधे उभं राहायचं. साखळीतले ८ सामने, १ सॅक. एवढ्यात तो पुन्हा सुपर बोलमध्ये! पाच मोसमांत तिसऱ्यांदा, तीन वेगवेगळ्या संघांकडून. जागा निवडण्यात हा माणूस किती हुशार होता ते पाहा.

१२ फेब्रुवारी २०२३. समोर पुन्हा महोम्स. साखळीत ७० सॅक करणाऱ्या ईगल्सना त्या दिवशी एकही सॅक मिळाली नाही. कॅन्सस सिटीनं धावून १५८ यार्ड घेतले. ज्या भगदाडासाठी दोन बुजुर्ग आणले होते, तेच त्या रात्री पुन्हा उघडं पडलं. ३८-३५ असे हरले. तरी या कराराला मी वाईट म्हणणार नाही. मधल्या काळात गळती थांबवून संघाला तिथवर नेण्याची ती बोली होती, आणि संघ तिथवर गेला. शेवटच्या सामन्यासाठी मात्र सू आता पुरेसा नव्हता. छत्तीस संपून सदतिसावं लागलं होतं.

त्यानंतर मार्च आला, पण बोली झाली नाही. तो पुन्हा खेळला नाही आणि जुलै २०२५ मध्ये त्यानं निवृत्ती जाहीर केली. एकूण सॅक ७१.५.

आता तुमच्यासाठी काम. २०१९ च्या ९२ लाख ५० हजारांचे, १८ कोटी ८२ लाखांच्या थैलीत किती टक्के होतात? आणि २०२१ च्या ९० लाखांचे, १८ कोटी २५ लाखांत किती? दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी लिहा. पगार कमी झाला असूनही टँपाला सू स्वस्त पडला का महाग, ते घरच्यांना समजावून सांगा. बाबांना हिशेबाची शेपटी आठवली, तर त्यांना शंभरपैकी शंभर!